न पुसलेली फुंकणी

गालांवरून त्याला सगळे फुग्या म्हणायचे. खरं नाव होतं, नाही कशाला, पण ते त्याच्या आईला माहीत आणि पगार वाटणाऱ्याला. बाकी कुणाला कधी गरजच पडली नाही. काचेच्या कारखान्यात बरण्या फुंकायचा तो. मोठ्या पोटाच्या, आखूड गळ्याच्या बरण्या. फुंकून फुंकून गाल इतके सैल पडलेले, की गप्प बसला की दोन रिकाम्या पिशव्या लोंबल्यासारखे दिसायचे, आणि फुंकायला लागला की बेडकासारखे टरारून यायचे. त्याची लेक लहान होती. ती मांडीवर बसून दोन्ही गालांवर फाडकन चापट्या मारायची आणि हा फुर्रर्र करून हवा सोडायचा. मग ती खिदळायची. परत मारायची. त्याची बायको म्हणायची, "अगं, बापाचं तोंड आहे ते, ढोल नव्हे."

त्याला कारखान्यात आणलं त्याच्या दाजींनी. थोरल्या बहिणीचा नवरा. फुग्याचा बाप लवकर गेला, शाळेत ह्याचं मन नाही, म्हणून ताईनं नवऱ्यामागे टुमणं लावलं, माझ्या भावाला हाताखाली घ्या. दाजी तोंडाचे फटकळ, पण आतून लोण्यासारखे. म्हणाले, "घेतो. पण भट्टीसमोर रडला तर उचलून परत आणीन, मग तूच बस त्याला कुशीत घेऊन."

रडला नाही. हात भाजले, भुवया करपल्या, पण शिकला. आणि मग हे दोघं जोडीनंच काम करायला लागले. तिथं कामच जोडीचं असतं बघा. फुंकणी म्हणजे लांबलचक लोखंडी नळी. तिचं टोक भट्टीतल्या काचेत बुडवायचं, काडीला मध गुंडाळावा तशी काच गुंडाळून घ्यायची, आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून पहिली फुंकर मारायची. ते काम फुग्याचं. मग फुंकणी दाजींकडे. ते बाकावर बसून तिला गोल गोल फिरवत फुंकायचे, गोळ्याला पोट आणायचे. तेवढ्यात काच निवायला लागते, मग परत फुग्याकडे. हा भट्टीच्या तोंडाशी धरून तापवणार, एक फुंकर मारणार, की परत दाजींकडे, साच्यात घालून शेवटची फुंकर. एक बरणी व्हायची तर नळी ह्याच्या तोंडातून त्याच्या तोंडात, त्याच्या तोंडातून ह्याच्या तोंडात अशी फिरायची. दिवसभर.

आणि तिथं एक रीत होती. फुंकणी पुसायची नाही. जोडीदाराच्या तोंडातून आली तशी आपल्या तोंडात घ्यायची. एक तर पुसायला वेळ कुठंय, काच लोंबायला लागते. पण नुसतं तेवढंच नव्हतं. जोडीदाराची फुंकणी पुसली म्हणजे त्याच्या तोंडावर सांगितलं, की तुझी मला किळस येते. तिथं दोघांचं भांडण होऊन जोडी मोडली, की माणसं म्हणायची, "अमक्या-तमक्यांनी फुंकणी पुसली." संपलं मग. परत जुळत नसे.

पोटाचं दुखणं दोघांनाही होतं, आणि दोघांनाही त्यात काही वाटत नव्हतं. छातीच्या खाली, मधोमध, जळायचं. उपाशी असलं की जास्त. दाजींच्या खिशात कायम त्या खडूसारख्या चघळायच्या गोळ्या असायच्या. एक आपल्या तोंडात टाकायचे, एक फुग्याला द्यायचे. "घे. भट्टी बाहेर पण आणि आत पण. आपल्याला दोन्हीकडचा पगार मिळायला पाहिजे." सगळे हसायचे. तिथं सगळ्यांचंच पोट जळायचं, म्हणून ते कामातच धरलेलं होतं, भाजलेल्या हातांसारखं.

मग एका सकाळी फुग्याला काळं झालं. म्हणजे शौचाला, काळं, डांबरासारखं. लाजेनं बायकोला सांगितलं नाही. तसाच कामावर गेला. भट्टीसमोर उभा राहिला, पहिली फुंकर मारून फुंकणी दाजींकडे दिली आणि त्याला समोरची भट्टीच दिसेना. खाली बसला तो बसलाच. ओठ पांढरेफटक. दाजींनी हातातली फुंकणी टाकली, तिच्यावरची काच फरशीवर पडून फुटली, आणि त्याला पाठीवर घेऊन ते फाटकापर्यंत पळाले. त्या वयात! वर सगळ्या रस्ताभर शिव्या घालत होते त्याला. "मेल्या, बहिणीला काय तोंड दाखवू मी? ऊठ! उठतोस का नाही?"

दवाखान्यात रक्त चढवलं. डॉक्टरबाई होती एक, बारकी, भराभर बोलणारी. तिनं घशातून नळी घालून पोटात बघितलं. फुग्या शुद्धीवर आल्यावर बायकोला म्हणाला, "आम्ही नळीत फुंकतो, तिनं नळीच आमच्यात घातली." ती काही हसली नाही.

पोटात जखम होती. आणि डॉक्टरबाईनं सांगितलं, की जखम नुसती जळजळीनं नाही झालेली, तिथं जंतू आहेत. कागदावर काढून दाखवला तिनं, स्प्रिंगसारखा पिळाचा, शेपट्या असलेला. म्हणाली, "पोटात जहाल आम्ल असतं. त्यात सहसा काही टिकत नाही. हा टिकतो. पोटाच्या अस्तरात घुसतो आणि वर्षानुवर्षं बसून राहतो. पुष्कळांच्या पोटात असतो, त्यांना आयुष्यात कळतही नाही. काहींना अशी जखम होते. आणि थोड्यांना ह्याहून वाईट होतं."

"पण माझ्या पोटात आला कुठून?" फुग्यानं विचारलं.

"बहुधा लहानपणी शिरतो. घरातल्याच कुणाकडून. तोंडावाटे. काम काय करता तुम्ही?"

त्यानं सांगितलं. फुंकणी कशी फिरते ते हातानं करून दाखवलं. डॉक्टरबाईचा हात कागदावर तसाच थांबला. "एकाच नळीला दोघं तोंड लावता? मध्ये धूत नाही?"

"पुसतसुद्धा नाही," तो म्हणाला. आणि हे बोलताना त्याला अभिमान वाटला होता, ते त्याचं त्यालाच मागाहून आठवलं.

"फुंकणीतूनच आला असं मी ठामपणे नाही सांगू शकत," ती म्हणाली. "पण तसा येणारच नाही असंही नाही. घरातल्यांना तपासून घ्या. आणि त्या तुमच्या जोडीदाराला आधी आणा."

मग औषधं. सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या. तोंडात सारखी लोखंडाची चव. फुग्या म्हणायचा, ती चव तर मला सवयीची आहे. दुखणं थांबल्यावर त्याला वाटलं झालं आता, सोडावं. पण बायको समोर पाणी घेऊन उभी राहायची, गिळून तोंड उघडून दाखवल्याशिवाय हलायची नाही. तिच्याही पोटात तो जंतू निघाला होता, तिनंही गोळ्या घेतल्या. लेकीच्या पोटात मात्र नव्हता. सगळं संपल्यावर काही दिवस मध्ये सोडून परत तपासणी. ती तपासणी कशी, तर एक औषध प्यायचं आणि थोड्या वेळानं पिशवीत फुंकायचं. श्वासातून कळतं म्हणे, जंतू उरलाय का गेला. फुग्यानं पिशवी तोंडाला लावली आणि बरणी फुंकावी तशी फुंकली. फाट! पिशवी फुटली. बाहेर बसलेली माणसं दचकून उभी राहिली. डॉक्टरबाई तोंडावर हात धरून हसत होती. "अहो, हळू! श्वास पाहिजे मला, वादळ नको."

जंतू गेला होता. बायकोचाही गेला होता. घरी येताना दोघं हसत आले, पिशवी कशी फुटली ते लेकीला करून दाखवलं.

पण दाजी काही केल्या येईनात.

फुग्या त्यांच्या घरी गेला. ताई भाजी चिरत होती. दाजी खिडकीपाशी बसून गोळी चघळत होते. ह्यानं आडून आडून विषय काढला. "दाजी, काही नाही, नुसतं फुंकायचं असतं पिशवीत. तुम्हाला काय अवघड आहे?"

"माझी फुंकर कारखान्याची आहे. डॉक्टरला कशाला देऊ?"

"पण पोट दुखतंय ना तुमचं."

"तुझ्या आधीपासनं दुखतंय. मेलो का?"

"दाजी, तो जंतू तोंडातून पसरतो म्हणे..."

दाजींची गोळी चघळायची थांबली. "म्हणजे? माझ्या तोंडातून तुला रोग आला, असं म्हणतोस?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतोस?"

फुग्या काय म्हणणार? हो म्हटलं तर दाजी रोगट, नाही म्हटलं तर तपासायचं कशाला. ताईनं विळी बाजूला सारली. "डॉक्टरनं काय लिहून दिलंय का, ह्यांच्यामुळे झालं म्हणून?"

"नाही गं ताई. कुणी कुणाला दिला ते कुणालाच कळत नाही. माझ्याकडून त्यांना गेला असेल."

"बघ, आता उलटं बोलायला लागला," दाजी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं. "तुला पाठीवरून नेला ना मी, तेव्हा तुझं तोंड माझ्या मानेवर घासत होतं. मी मान पुसली का?"

फुग्या चहा न घेता उठला.

कामावर परत जायच्या आदल्या दिवशी बायकोनं त्याला समोर बसवलं. लेक त्याच्या गालांशी खेळत होती. बायको म्हणाली, "अहो, एक सांगते. दाजी तपासून घेत नाहीत, ठीक. दुसरा जोडीदार मागा."

"दाजींना सोडून? मला तिथं कोण जवळ करेल मग?"

"तर मग पुसा. तोंड लावायच्या आधी पुसायचं."

"तुला माहीत नाही ते काय असतं."

"मला एवढं माहीत आहे, की तुम्हाला पांढरंफटक झालेलं मी बघितलंय. ही पोर रोज तुमच्या तोंडाशी खेळते. तुम्हाला जोडीदार पाहिजे का पोरगी, सांगा."

असं कुणी विचारतं का? पण तिचंही काय चुकलं.

पहिले काही दिवस फुग्यानं नुसतं ओठांच्या कडेनं फुंकायचा प्रयत्न केला. हवा बाजूनं निघून जायची, बरणी वाकडी व्हायची. दाजी ओरडायचे, "आजारपणात फुंकायला विसरलास काय?" मग त्यानं एक युक्ती काढली. घाम पुसल्यासारखं करायचं. फुंकणी हातात घेता घेता बाही तोंडावरून फिरवायची आणि त्याच झटक्यात फुंकणीच्या टोकावरून. पापणी लवायच्या आत. त्याला वाटलं, कुणाला दिसत नाही. पण दाजींनी उभं आयुष्य लवलवती काच डोळ्यांनी पकडण्यात घालवलेलं, त्यांना बाही दिसणार नाही?

दोन-तीनदा त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मग एकदा परत बाही फिरली, आणि ह्यानं तापवून, फुंकून फुंकणी दाजींपुढे धरली, तर त्यांनी हात पुढे केला नाही. तसेच बाकावर बसून राहिले, हात मांडीवर. फुग्या फुंकणी धरून उभा. टोकाची काच लोंबायला लागली. आधी लिंबाएवढी, मग पपईसारखी लांब.

"दाजी, धरा. पडतेय."

"तू पुसलीस," दाजी हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दाजी, घरात पोर आहे हो..."

"मी कुठं काय म्हणतोय? पूस की. चांगली धुऊन घे."

काच तुटून फरशीवर पडली. भट्टीभोवतीची माणसं वळून बघायला लागली. सगळ्यांना कळलं काय झालं ते. कुणी विचारायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजींनी दुसरा जोडीदार घेतला. फुग्याला कुणी घेईना. तो भट्टीवरून उतरून बरण्या गवतात बांधायच्या कामाला लागला. बांधणीच्या जागेवरून भट्टी समोरच दिसायची. हा तिथं बसून बरणी गवतात गुंडाळत असायचा आणि दाजींकडे बघत असायचा. बघता बघता त्याला दिसायला लागलं, की दाजींचा पट्टा आत आत चाललाय. भाकरीचा अर्धा तुकडा खाऊन डबा बंद करताहेत. बाकावरून उठताना बाकाला धरताहेत. त्याला तिथनं ओरडून सांगावंसं वाटायचं. पण काय सांगणार, आणि कुठल्या तोंडानं? एकदा धीर करून वाटेत गाठलंन. "दाजी, बारीक झालात."

"तुझ्याकडचं ओझं उतरलं ना," दाजी म्हणाले आणि पुढे गेले.

मग तो ताईकडे गेला, दाजी घरात नसताना. दारातच बोलला. "ताई, तू तरी ने त्यांना. पाया पडतो."

ताईनं दाराची कडी धरून ठेवली होती. "सगळ्या कारखान्यासमोर तू त्यांचं तोंड घाण ठरवलंस. रात्रंदिवस मला विचारतात, मी घाणेरडा आहे का गं? आता कुठल्या डॉक्टरच्या समोर ते तोंड उघडतील?"

आणि दार लावून घेतलं. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, तर ती नुसती म्हणाली, "मी पुसा म्हटलं होतं. मी कधी असं म्हटलं होतं?" म्हणजे काय ते तिलाही नीट सांगता आलं नाही.

दाजींना शेवटी दवाखान्यात नेलं ते रक्ताची उलटी झाल्यावर. तीच डॉक्टरबाई. तीच नळी. पण ह्यावेळी ती बाहेर आली तेव्हा भराभर बोलली नाही. जंतू होता, जुना होता. आणि जिथं जखम असायला हवी तिथं गाठ होती. पसरली होती. कापून काढायची वेळ निघून गेली होती.

"लवकर आले असते तर?" फुग्यानं विचारलं.

"आले असते तर कदाचित," ती म्हणाली. "कदाचित नाहीही. जंतू असलेल्या प्रत्येकाला असं होत नाही. ह्यांना का झालं, तुम्हाला का नाही, ते मला नाही सांगता येत." तिनं चष्मा काढून डोळे चोळले. तिलाच नाही सांगता येत, तर फुग्या कुणाला विचारणार? त्याच्या डोक्यात एकच फिरत होतं. लहानपणी आपल्याच पोटात असेल तर? पहिल्या दिवशी भट्टीसमोर उभं राहून आपणच त्या नळीत सोडला असेल तर? किंवा दाजींकडूनच आला असेल. किंवा दोघांनाही आपापल्या आईकडून. कितीही उलटंपालटं केलं तरी ते सुटत नव्हतं.

दुपारी आत सोडलं. मोठी खोली, ओळीनं खाटा, खिडकीतून उन्हाचा पट्टा फरशीवर. ताई उशाशी स्टुलावर बसलेली. तिनं भावाकडे बघितलं आणि स्टूल थोडं सरकवलं, एवढंच. फुग्याची बायको हातात पिशवी घेऊन दारात थांबली.

दाजींचे गाल आता फुग्यापेक्षा रिकामे होते. त्यांनी डोळे उघडले. "आलास? बांधणीवाल्यांना दुपारची सुट्टी असते वाटतं. आमच्या भट्टीला नव्हती."

"मागून घेतली."

"हं." मग ताईला म्हणाले, "पाणी दे गं." ताईनं पेला ओठांशी धरला. एक घोट घेतला न घेतला आणि त्यांनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. "बघ रे. जन्मभर काच फुंकली, आणि शेवटाला हे प्लास्टिक."



"फुग्या, ती बाई काय म्हणते? मी तुला दिला का तू मला?"

"ती म्हणते कळत नाही, दाजी. कधीच कळणार नाही."

दाजींनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं का वाईट, ते कुणास ठाऊक. मग त्यांनी तो पेला पुढे केला. भट्टीवर फुंकणी करायचे अगदी तसा, सरळ हात करून, न बघता. पेला एका बाजूला कलला होता. पेल्यात अर्धं पाणी होतं आणि काठावर त्यांच्या ओठांचा ओला ठसा.

"धर. पडतेय," दाजी म्हणाले.

दारात बायकोनं श्वास रोखला, ते ह्याला पाठ असूनही कळलं. ताई त्याच्या बाहीकडे बघत होती. फुग्यानं पेला घेतला. जिथं दाजींचे ओठ लागले होते तिथंच तोंड लावलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि पुसायला त्यांच्यात ताकद नव्हती. "पुसून प्यायचं होतंस, गाढवा," ते म्हणाले. "घरात पोर आहे तुझ्या."

ताईनं तोंड भिंतीकडे केलं. फुग्या पेला हातात धरून उभाच राहिला. ठेवावा कुठं, तेसुद्धा त्याला सुचेना.

बाहेर आल्यावर बायको बराच वेळ पुढे पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबली. रडून डोळे लाल झालेले.

"थोडे दिवस गेले की परत जायचं डॉक्टरबाईकडे," ती म्हणाली. "ती पिशवी फुंकायला. आणि तोवर पोरीला गालांना हात लावू द्यायचा नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

घरी पोचले तेव्हा लेक दारातच होती. धावत आली, त्याच्या अंगावर चढली आणि सवयीनं दोन्ही हात उचलले. फुग्यानं मान फिरवली.